डेंगळ्यावरचा थेंब

पिंपळे गुरव, ता. ५ डिसेंबर १९५४

ज्योतीराम भाऊजी,

तुमचं कार्ड काल आलं आन् त्याचं उत्तर आज सकाळीच पोस्टात पडलं. त्यात मी लिवलंय, "तुमच्या दादांच्या टरंकेत किड्याफुलांच्या आणखी काचा असतील, हुडकते, घावल्या की धाडते. सुमनला आशीर्वाद." लई गोड कार्ड झालंय. वाचून तुमी बायकोला म्हणाल, "वहिनी भोळी हाय बरं का."

हे पत्र मात्र पोस्टात जायचं न्हाई. हे पिठाच्या डब्याखाली जायचं. गोड कार्डं तुमाला पोस्टानं, खरी पत्रं डब्याखाली. एक दिवस सगळी एकदम तुमच्या हातात पडतील. त्या दिवशी बसायला पाट घ्या.

आता खरं सांगते. टरंकेत फोटू काढलेली एकबी काच उरलेली न्हाई. सगळ्या तुमीच नेल्या, वाटणीच्या दिवशी, पोत्यात भरून. काय काय नेलं ते तुमाला आठवत नसंल, मला आठवतं. जर्मनीचा छोटा क्यामेरा नेला, दिवे नेले, मागचा निळ्या डोंगराचा पडदा नेला. आन् ह्यांचं जुनं लाकडी खोकं, त्यो लांब भात्याचा क्यामेरा, माझ्यापुढं ढकलून तुमी म्हणाला, "वहिनी, हे तुमाला. लाकूड चांगलं वाळलंय." पंगतीतली माणसं हसली. मीबी हसले. भाऊजी, तुमचं ते बोलणं आन् माझं ते हसणं, दोन्ही मी जपून ठेवलीत.

फोटूच्या दुकानाच्या बोर्डावर चिंचवडात बारा वर्सं ह्यांचं नाव व्हतं. तेराव्याचं जेवण उरकलं, पत्रावळी उचलायच्या राहिल्या व्हत्या, आन् तुमी शिडी लावून बोर्डावर पांढरा रंग फासत व्हता. वाळला की वर तुमचं नाव. मी म्हणाले, भाऊजी, मला काचा धुता येतात, अंधाऱ्या खोलीत बसून काम करीन, कुणाला दिसायची न्हाई. तुमी म्हणाला, "वहिनी, दुकानात लग्नाची गिऱ्हाइकं येतात. पायरीवर पांढरं कपाळ बरं दिसत न्हाई."

तेबी गिळलं. पण दसऱ्याला दापोडीच्या इकबालभाई घड्याळवाल्यानं मला पेपर वाचून दाखवला. कुंपणावरचा नाकतोडा, चांदीचं पदक, "छायाचित्रकार ज्योतीराम". भाऊजी, ह्यांनी त्यो नाकतोडा काढला तवा पांढरी छत्री धरून कोण उभं व्हतं? तुमी त्या दिवशी जेजुरीला व्हता.

आता चाकणला शेतकीचं प्रदर्शन हाय, फेब्रुवारीत. कांद्याचा फोटू पायजे, आन् तुमच्याकडं ह्यांच्या काचा संपल्या. म्हणून वहिनी आठवली.

टरंकेत तळाला एक पाकीट घावलं. काळ्या कागदात गुंडाळलेल्या बारा कोऱ्या काचा. ह्यांनी आजारी पडायच्या आधी आणलेल्या.

तुमाला काचा पायजेत न्हवं? मिळतील.

वहिनी


ता. १९ डिसेंबर

भाऊजी,

तुमी किती शाणे हायात ते मला आज कळलं. तुमच्या जर्मन क्यामेऱ्याला तीन फुटांच्या आत काईच दिसत न्हाई! त्यानं मुंगळा काढला तर मुंगळा न्हाई, टाचणीचं डोकं दिसंल. हे मला दादल्यानं सांगितलेलं, तुमाला कुणी सांगितलं न्हाई. किड्याजवळ जायचं तर भाता लांब पायजे. भाता जेवढा ओढाल तेवढं फूल मोठं. ह्या खोक्याचा भाता दोन हात लांबतो. तुमी सोनं समजून पितळ उचललं, आन् सोनं मला चुलीत घालायला दिलं.

पण मी काय शाणी न्हाई. चार काचा वाया घालवल्या.

पहिली हलली. सकाळी परसात कांद्याचे डेंगळे वर आलेत, बी धरायला सोडलेत ते. वर पांढरा गोंडा, त्यावर पोळ्याची माशी. वारं एवढंसंच व्हतं, गालाला लागंना, पण काचेवर बगितलं तर गोंडा झोपाळ्यावर बसलेला. दुसरीत माशीच उडाली, नुसतं तिचं शेपूट राहिलं. तिसरी धुतली तर पाण्यासारखी, काई उमटलंच न्हाई.

का उमटलं न्हाई ते मला दोन दिवस कळंना. मंग जात्यावर बसले तवा कळलं. हे फोटू काढताना भिंगाची टोपी काढायचे आन् मला म्हणायचे, "दुर्गे, एक ओवी म्हण." ओवी संपली की टोपी घालायचे. माझी ओवी हेच त्यांचं घड्याळ. पण ते नवरानवरीला. भाता ओढला की उजेड लांबून येतो, दमून येतो. एका ओवीनं भागत न्हाई. किड्याला चार ओव्या लागतात. एवढं साधं, आन् मी काच फुकट घालवली.

चौथीत मी ओव्या मोठ्यानं म्हणाले आन् माझ्याच श्वासानं मुंगळा पळाला.

बिल्किस, म्हंजे इकबालभाईची बायको, हसून हसून वाफ्यात बसली. म्हणते, "दुर्गाबाई, मुंगळ्यालाबी तुझं गाणं सहन हुईना." तीच माझी परात धरते. परातीनं ऊन फिरवून फुलाच्या काळ्या बाजूला टाकते, म्हंजे अर्धं फूल काजळात बुडत न्हाई. ह्यांच्या येळी मी छत्री धरायची, आता ती परात धरती. बायकांच्या हाताला तेवढंच.

काचा धुते बळदात. धान्य सरलंय, रिकामं बळद भरदुपारी काळंकुट्ट असतं. कंदिलाला लाल कागद. ह्यांच्या औषधाच्या पुड्या अजून चांगल्या हायेत.

तुमाला आज कार्ड धाडलंय, "हुडकते हाय, टरंकेला गंज चढलाय." गंज खरा हाय. कुणाला चढलाय ते सांगितलं न्हाई.

वहिनी


ता. २ जानेवारी १९५५

भाऊजी,

पाचवी काच उतरली! मुंगळा, डेंगळ्याच्या दांड्यावर, मिशा ताठ, पोट चकचकीत, पायाचे काटेसुद्धा मोजता येतील. बकऱ्याएवढा दिसतो. मी ती काच उजेडाला धरली आन् पहिल्यांदा दोन वर्सांनी मोठ्यानं हसले.

मुंगळा हलला कसा न्हाई इचारा. थंडीत पहाटे सगळे किडे गारठून दांड्याला चिकटून असतात. ऊन लागल्यावर ते आपल्यासारखेच कामाला लागतात. तेवढ्या मधल्या येळात चार ओव्या बसतात. डेंगळा मी दोऱ्यानं कामटीला बांधते, म्हंजे वारं आलं तरी मान डोलावत न्हाई, तुमच्या प्रत्येक शब्दाला सुमन डोलावते तशी. (सुमनला दाखवू नका, रागवंल.)

अजून एक शिकले. एवढ्या जवळून बगितलं की डोळा एकाच गोष्टीवर बसतो. मिशा नीट केल्या तर शेपूट धुरात, शेपूट नीट केलं तर मिशा धुरात. भिंगाचं तोंड बारीक केलं की थोडं सुधारतं, पण उजेड कमी, मंग ओव्या सहा. आन् मागच्या दुधी काचेवर नीट बसलं का न्हाई ते साध्या डोळ्याला कळत न्हाई. इकबालभाईनं त्याचं घड्याळाचं भिंग दिलं, डोळ्यात बसवायचं ते. म्हणाला, "भाभी, इसमें सेकंद का काटा भी मोटा दिखता है." ते डोळ्यात घालून मी खोक्याच्या काळ्या कपड्यात घुसले की शेजारच्या कोंबड्या पळतात.

तुमाला मुंगळा धाडला, "घावली एक" म्हणून. तुमचं कार्ड तिसऱ्या दिवशी. "वहिनी, झकास. दादाच्या हाताला तोड न्हाई. आणखी हुडका. ही मी माझ्या नावानं देतोय, दादा असता तर त्यालाबी आनंद झाला असता."

हे कार्ड मी बिल्किसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तेरा देवर भी मुंगळाच है, गुळ दिसला की चिकटला." मी हसले न्हाई. माझ्या हातात पीठ व्हतं, पीठ घट्ट झालं.

पण भाऊजी, दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसलं ते ह्या डब्याखालच्या पत्रातच सांगते. डेंगळ्याच्या गोंड्याखाली दवाचा थेंब लोंबत व्हता. दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं हे तुमालाबी ठाव असंल, फुलं खाली डोकं वर पाय. पण मी घड्याळाचं भिंग लावून थेंबात बगितलं तर आत आमचं पिंपरणीचं झाड. आन् ते सरळ! सगळं जग उलटं आन् थेंबातलं झाड तेवढं उभं. म्हंजे थेंब मागचं जग उलटं करतो, आन् खोकं ते उलटं परत सरळ करतं.

मी कपड्यातून बाहेर आले आन् त्या झाडाकडं बगत बसले. बिल्किस म्हणाली, "काय झालं?"

मी म्हणाले, "बिल्किस, तुझ्या पानाचा चुना जरा देशील?"

वहिनी


ता. १४ जानेवारी, संक्रांत

भाऊजी, तिळगूळ.

आज सगळा गाव गोड बोलतोय. तुमाला तर मी महिनाभर गोड बोलतेय, त्यामुळं आज नवीन काई न्हाई. सुमन वाण लुटायला आली व्हती पिंपळे गुरवात. माझ्या दारावरून गेली, आत आली न्हाई. बरोबर हाय. संक्रांतीला पांढऱ्या कपाळाकडं कोण येतं? मी आतून बगितलं, हिरवा चुडा छान दिसत व्हता. त्या पोरीवर माझा राग न्हाई.

आता तुमच्यावरचा राग सांगते. मागं पडवीत एक फुटकी पाटी व्हती, माझी चौथीची. तिच्यावर बोटानं चुना घेऊन मी ह्यांचं नाव लिवलं. मोठं, जाड, चार अक्षरं.

भाऊजी, तुमाला म्हायती हाय, मी ह्यांचं नाव कवा घेत न्हाई. ते जित्ते असतानाबी न्हाई. दुकानात गिऱ्हाईक इचारायचं, मालकाचं नाव काय, तर मी बोर्डाकडं बोट करायची. तो बोर्ड माझी जीभ व्हता. तुमी त्याच्यावर पांढरा फासला, तवा तुमी माझी जीभच पुसली. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेबी आत्याबाईंनी दार अडवलं म्हणून. आज दुसऱ्यांदा घेतलं, बोटानं.

पाटी डोकं खाली, पाय वर आशी उलटी करून डेंगळ्यामागं वीतभर अंतरावर कामट्यांत अडकवली. ऊन तिच्यावर पडंल आशी. थेंब पातळ असतात, पडतात. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही काचा पडलेल्या थेंबांच्या झाल्या. नववीला थेंब व्हता पण नाव फुटकं आलं, पाटी वाकडी. दहावीला मीच हलले. आज अकरावी.

थेंब मोठा व्हता, तुरीच्या दाण्याएवढा. घड्याळाचं भिंग डोळ्यात, कपडा डोक्यावर, आन् आत थेंबात काळ्या चौकोनात पांढरं नाव. माझ्या काचेवर ते उलटं दिसत व्हतं. म्हंजे फोटूत सरळ येणार. मागची पाटी नुसता करडा डाग, कुणाला कळणार न्हाई काय हाय ते. बिल्किसनं परात धरली, मी टोपी काढली. सहा ओव्या. तिसऱ्या ओवीला वाऱ्याची झुळूक आली आन् मी डोळे मिटले. सहावी संपली. टोपी घातली. मंग थेंब पडला.

बळदात धुतली. आली.

छोट्या फोटूत नाव दिसत न्हाई, बरं का. काचेवरून कागद काढला की थेंबात पांढरा ओरखडा वाटतो, डोळ्यात केस गेल्यासारखा. पण फोटू मोठा केला, लई मोठा केला, की वाचता येतं.

तुमाला मोठं व्हायची लई हौस. मी तुमाला मोठं करीन.

वहिनी


ता. ३ फेब्रुवारी

भाऊजी,

काच पोचली. तुमचं कार्ड आलं. "वहिनी, ही तर सगळ्यात भारी. डेंगळ्यावरचा दव. साहेबांना दाखवली, ते म्हणाले मधोमध लावू. केवढी करू सांगा, दीड फूट?"

मी गेल्या आठवड्यातच पोस्टात गोड कार्ड टाकलं. "भाऊजी, दीड फूट म्हंजे नवरीचा फोटू. शेतकरी लांबून येणार, म्हातारे डोळे. तीन फूट करा. साडेतीन केला तर तुमचं नाव चाकण बाजारभर व्हईल."

ते वाक्य लिवताना बिल्किस शेजारी बसली व्हती. म्हणाली, "झूठ तो नहीं लिखा."

न्हाई लिवलं. तुमी पुण्यात साडेतीन फुटाला टाकला आसं सुमननं कळवलं. म्हंजे थेंब आता लिंबाएवढा.

एक कबूल करते. काच धाडल्यावर दोन दिवस मला भूक न्हवती. काच तुमाला दिली आन् मंग वाटलं, तुमी नीट बगितलंच तर? चिंचवडात भिंगं काय कमी हायेत? पण मंग आठवलं, तुमी माझ्या हातातनं आलेल्या काचेकडं कवा नीट बगितलंय.

वहिनी


ता. २१ फेब्रुवारी

भाऊजी,

काल चाकणला तुमचं तोंड मी बगितलं. तुमी स्वतःचं तोंड बगितलं नसंल, म्हणून सांगते.

आमी एस्टीनं आलो, मी, बिल्किस, इकबालभाई. बाजारात मांडव, मांडवात कांद्याच्या आराशी, बियाच्या बरण्या, औषधाचे पंप, आन् मधोमध तुमचा माझा फोटू. साडेतीन फूट. खाली पाटी, "कांद्याचे फूल. छायाचित्रकार ज्योतीराम, चिंचवड." तुमी नवा कोट घातला व्हता. शेतकीचे यशवंतराव साहेब तुमच्या खांद्यावर हात ठेवून सांगत व्हते, "पाहिलंत, दव कसा टिपलाय! हे यांनी स्वतः गेल्या महिन्यात काढलं." तुमी मान खाली घालून हसलात. लाजल्यासारखे. चांगला लाजता तुमी.

मी बायकांच्या गर्दीत मागं, पदर डोक्यावर.

मंग आला चिमाजी, वाकीचा म्हातारा कांदेवाला. तुमाला त्याची गंमत कळली न्हाई, मला बाजूच्या बाईनं सांगितली. तो गेल्या दिवाळीत साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलाय आन् तवापासनं दिसंल ते वाचतो. पोत्यावरचं, एस्टीवरचं, बिडीच्या बंडलावरचं. तुमची पाटी वाचून झाली. मंग फोटूत तोंड घातलं. नाक जवळजवळ थेंबात.

"रं," म्हणाला. थांबला. "ग." परत थांबला. "रा... व. रंगराव!" आन् मागं वळून साहेबाला म्हणाला, "साहेब, ह्या थेंबात कोण रंगराव बसलाय?"

माणसं हसली. साहेबांनी चष्मा पुसला, वाकून बगितलं, आन् हसायचे थांबले. "ज्योतीराम, हे काय आहे?"

तुमी म्हणाला, "ओरखडा हाय साहेब, काचेवरचा."

"ओरखडा अक्षरं काढतो का हो?"

तुमी वाकलात. भाऊजी, तुमी त्या थेंबात बगितलं तवा तुमचा रंग कसा उतरला ते सांगू? धुताना काच औषधात जास्त येळ राहिली की सगळं काळं व्हतं, तसं न्हाई. तिसऱ्या काचेसारखं. पाण्यासारखं. काई उमटलंच न्हाई.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "चिंचवडचा फोटूवाला रंगराव का? तो तर गेला की दोन वर्सांमागं." आन् आक्काबाई गुरवीण, जिला सगळ्यातलं सगळं कळतं, ती म्हणाली, "गेल्या महिन्यातला फोटू, आन् गेलेल्या माणसाचं नाव दवात. आपला हक्क सांगायला आलाय तो."

साहेब एक पाऊल मागं सरकले.

भाऊजी, तवा तुमी काय केलं ते चाकण बाजारानं बगितलं. गुडघ्यावर बसलात. नव्या कोटात. हात जोडले थेंबाला. "दादा, चुकलो. काचा तुज्याच व्हत्या. नाकतोडाबी तुजाच. मला माफी कर."

तुमी भुताला भ्यालात का साहेबाला, तुमचं तुमालाच ठाव. मला दोन्ही चाललं.

बिल्किसनं माझा हात दाबला. मी म्हणाले, हळू, माझ्या बांगड्या न्हाईत, हाडं हायेत.

वहिनी


ता. २८ फेब्रुवारी

भाऊजी,

हे शेवटचं. हे लिवून झालं की डब्याखालची सगळी पत्रं इकबालभाईच्या हाती तुमाला. पाट घेतलाय न्हवं?

सुमन काल आली व्हती. उंबऱ्याच्या आत आली, पहिल्यांदा. रडत व्हती. म्हणाली, "जाऊबाई, हे आठ दिवस नीट जेवले न्हाईत. दिवा लावून झोपतात. दादांच्या नावानं पान वाढलं तर कावळा शिवंना. बोर्ड पुसून दादांचं नाव परत लिवायला रंगारी बोलावलाय. जर्मन क्यामेरा नदीत टाकायचा म्हणतात."

नदीत टाकू नका. चांगला क्यामेरा हाय, लग्नाला बरा. पवनेला त्याचा काय उपयोग?

ऐका आता. भूत न्हवतं. पाटी व्हती, फुटकी. चुना बिल्किसच्या पानदानातला. थेंब दवाचा. ओव्या माझ्या. ही पत्रं वाचली म्हंजे कशी केली तेबी कळंल, तुमी फोटूवाले हायात, शिकून घ्या. कावळ्याला आता जेवू द्या.

भुताच्या भीतीनं बोर्ड परत लावाल तर मला त्यात गोडी न्हाई. भीती दोन वर्सांत उतरंल, मंग परत शिडी लावाल. म्हणून सांगते, भ्यायचं असंल तर मला भ्या. रंगराव गेले. मी हाय.

हे बगा, नाव लिवलं की मी, दुसऱ्याच्या तोंडचं न्हवं. कागदावर, शाईनं, सरळ. एकदा बोटाला सवय झाली की जड जात न्हाई.

आता एक गोष्ट राहिली. ती सांगायची न्हाई आसं ठरवलं व्हतं. पण एवढी खरी पत्रं लिवली, शेवटच्याला खोटं कशाला?

त्या दिवशी तुमी हात जोडून म्हणाला, "काचा तुज्याच व्हत्या." आन् सगळा मांडव म्हणाला, वा, रंगरावाचा हात! साहेब म्हणाले, "किती मोठा कलावंत होता." मी गर्दीत उभी, पदर डोक्यावर, आन् मला आनंद व्हायला पायजे व्हता. झालाबी. पण त्या आनंदात एक फुलकिडा चावला, एवढासा, न दिसणारा. परत येताना एस्टीत बिल्किस म्हणाली, "दुर्गा, मुंगळा किसने निकाला? थेंब किसने निकाला?" मी खिडकीतून बगत बसले. तुमी ह्यांचं नाव पुसून तुमचं लावलं. मी तुमचं पुसून ह्यांचं लावलं. त्या साडेतीन फुटांत माझं कुठंच न्हवतं. तुमी कबुली दिली तीबी खोटीच, भाऊजी. काचा ह्यांच्या न्हवत्या.

ह्यांना कळलं असतं तर हसले असते. म्हणाले असते, "दुर्गे, छत्री धरता धरता छत्रीच्या बाहेर गेलीस."

यशवंतराव साहेबांनी माणूस धाडला व्हता, रंगरावांच्या घरात आणखी काचा हायेत का इचारायला. पिंपरीच्या नव्या कारखान्यात बुरशीपासनं औषध करतात, तिथं म्हणं त्या बुरशीचे जवळून फोटू काढणारा माणूस हुडकतात, आन् ह्या भागात तसं कुणी न्हाई. मी म्हणाले, हुडकते, टरंकेला गंज चढलाय.

बोर्डावर ह्यांचं नाव लावा. मोठं लावा. पायरी धुवून ठेवा. सोमवारी सकाळी मी येणार, लग्नाची गिऱ्हाइकं असतानाच येणार, पांढऱ्या कपाळानं. अंधारी खोली माझी. कुणी इचारलं ही कोण, तर तुमी सांगायचं, आन् मी ऐकणार हाय काय सांगता ते.

बारावी काच शिल्लक हाय. डेंगळे अजून उभे हायेत, बी धरायला महिना हाय, दवाचे थोडे दिवस राहिलेत. पाटी मी आज सकाळी पुसून उन्हात ठेवलीय.

काच तुमाला धाडीन. ह्या येळी चार फुटाला टाका.

दुर्गा